आयसीटीला एका ओळीत गुंडाळलंत

तुमचा लेख आवडला, पण आयसीटीबद्दलचं (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) त्यातलं 'मुंबईतल्या आयसीटीत फक्त केमिकल इंजिनीअरिंग, त्यामुळे विविधता कमी' हे वाक्य काही पटलं नाही. शाखांची संख्या मोजून विविधता ठरवायची तर आज कुठलंही कॉलेज एआयच्या चार पाट्या लावून पुढे जाईल!

माटुंग्याची ही संस्था 1933 साली मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून सुरू झाली. जुनी मंडळी अजून तिला यूडीसीटीच (युनिव्हर्सिटी डिपार्टमेंट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) म्हणतात. तिथे केमिकल इंजिनीअरिंगच्या जोडीला रंगद्रव्यं, तेलं, औषधं, अन्नप्रक्रिया, पॉलिमर, कापड, पेंट असे स्वतंत्र विषय आहेत. आणि गंमत त्यांच्या शेजारात आहे. दाराला लावतो तो ऑइल पेंट घ्या. त्यातलं अल्किड रेझिन म्हणजे जवस किंवा सोयाबीनच्या तेलापासून केलेलं पॉलिमर. रंग लावल्यावर तो पातळ ठेवणारं सॉल्व्हंट उडून जातं, पण थर कडक होतो तो हवेतल्या ऑक्सिजनशी अभिक्रिया होऊन. म्हणजे एका डब्यात तेलवाले, पॉलिमरवाले, रंगद्रव्यवाले, सगळेच आले. त्यांच्या प्रयोगशाळा एकाच आवारात असणं ही केवढी सोय!

प्रा. मनमोहन शर्मा इथलेच, ब्रिटनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेचे फेलो. शास्त्रज्ञ डॉ. रघुनाथ माशेलकरही इथलेच विद्यार्थी. लेखात दोघांचंही नाव नाही, याचं आश्चर्य वाटलं.

2018 पासून जालन्यालाही आयसीटीचं केंद्र आहे. मराठवाड्यातल्या मुलांना त्याचा कितपत उपयोग होतोय, यावर कुणीतरी सविस्तर लिहा. पुढचा लेख त्यावरच येऊ द्या की.