बदल ड्युटी चार्टात दिसला पाहिजे

महाराष्ट्रात सरकारी दवाखान्यांच्या संगणकीकरणाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: नर्सिंग स्टाफला नवीन काही नकोच असतं. पूर्वी हे अधिकारी म्हणायचे, मग डॉक्टर म्हणू लागले. हल्ली आमच्या जीएनएमच्या (नर्सिंगच्या पदविकेच्या) बॅचच्या ग्रुपवर, आता परिसेविका, म्हणजे वॉर्डाच्या इन्चार्ज, झालेल्या माझ्या मैत्रिणीही म्हणायला लागल्यात. मग कुणीतरी विचारतं, "तुमच्याकडे बरं सगळं टॅबवर चालतं गं? तिथल्या मुली कशा काय ऐकतात?"

ऐकत नाहीत. हे आधीच सांगून टाकते. मी ब्रिटनमधल्या वेल्समध्ये एका मेडिकल वॉर्डची सिस्टर आहे, म्हणजे आपल्याकडची इन्चार्ज. नवीन काही आलं की इथल्या नर्सेस जेवढी कुरकूर करतात, तेवढी आमच्या सिव्हिलमध्ये मेट्रनसमोर कुणी केली असती तर दुसऱ्या दिवशी तिची बदली ओपीडीला झाली असती. तरीही इथे बदल होतात, टिकतात आणि तिकडे रखडतात, हेही खरं आहे. त्याचं कारण स्वभावात शोधणं मला पटत नाही. मी दोन्हीकडचे ड्युटी चार्ट केलेत, आणि कारण मला तिथे दिसतं.

उदाहरण आमच्याच वॉर्डाचं घेते. वेल्समध्ये २०२१ पासून 'वेल्श नर्सिंग केअर रेकॉर्ड' नावाची डिजिटल नोंदपद्धत टप्प्याटप्प्याने आली. रुग्ण दाखल झाला की त्याची विचारपूस, त्वचेची तपासणी, पडण्याचा धोका, खाणंपिणं, दुखणं, सगळं टॅबवर किंवा ट्रॉलीवरच्या लॅपटॉपवर. जेमतेम एकतीस लाख वस्तीचा हा देश, पण त्याआधी प्रत्येक हॉस्पिटलचे कागद वेगळे होते. या कामात मला सगळ्यात शहाणपणाची वाटलेली गोष्ट संगणकाची नाहीच. आधी ठिकठिकाणच्या नर्सेसना एकत्र बसवून कागद एकसारखे केले. कुठला प्रश्न दोनदा विचारला जातो, कुठला कुणीच वाचत नाही, ते काढून टाकलं. मग ते संगणकावर चढवलं. आपल्याकडे उलटं होतं. आहे तो गोंधळ तसाच स्क्रीनवर येतो आणि शेजारी जुनं रजिस्टरही उघडं राहतं.

तरी आमच्या वॉर्डात पहिले काही आठवडे धुसफूस होतीच. एक ज्येष्ठ नर्स आहे, दक्षिण वेल्समधल्या खाणींच्या खोऱ्यातली, आवाज खणखणीत. ती सगळ्या पेशंटांना बघून यायची, हात पुसायच्या कागदावर टिपणं काढायची आणि ड्युटी संपताना एका जागी बसून सगळं टॅबवर भरायची. नोंदी वेळेवर नाहीत म्हणून वरून यादी आली, त्यात तिचं नाव पहिलं. प्रशिक्षण देणाऱ्यांनी शेरा मारला की हिला पुन्हा शिकवायला हवं. एका सकाळी मी तिच्यासोबत पूर्ण पाळीभर फिरले. शेवटच्या खोलीत वायफाय पोचत नव्हतं. ती पाठीवरची, टाचांवरची त्वचा तपासून सगळं भरायची, सेव्ह करताना पान उडायचं आणि पुन्हा पासवर्ड. ट्रॉली चार्जिंगला लावावी तर खाटेजवळच्या सॉकेटांत सलाइनचा पंप आणि हवेची गादी. बाई हे सगळ्यांना ओरडून सांगत होती. पण ती कायमच ओरडते म्हणून कुणी मनावर घेत नव्हतं.

गंमत अशी की केरळच्या आणि फिलिपिन्सच्या मुलीही नेमकं तेच करत होत्या. फक्त त्यांचा कागद खिशात असायचा आणि विचारलं की "येस सिस्टर" एवढंच. आम्ही तिकडे मायक्रोपोरची पट्टी एप्रनला चिकटवून त्यावर बीपी लिहायचो ना, त्यातलाच प्रकार. पाळीत काम उरकायचं असेल तर जगभरची नर्स असा काहीतरी जुगाड करतेच. वायफायचं यंत्र यायला बऱ्याच ईमेल कराव्या लागल्या, पण आलं. त्यानंतर त्या बाईंच्या नोंदी वेळेवर होऊ लागल्या. तोंड अजून चालूच आहे, आणि ते चालू राहावं असं मला वाटतं. 'हो मॅडम' म्हणणाऱ्या वॉर्डात काय बिघडलंय ते इन्चार्जला सगळ्यात शेवटी कळतं.

आता खरा प्रश्न. तिच्यामागे सकाळभर फिरायला मला वेळ कुठून मिळाला?

२०१६ साली वेल्सने नर्सेसच्या संख्येबद्दल कायदा केला. युरोपातला असा हा पहिलाच. एप्रिल २०१८ पासून प्रौढांच्या मेडिकल आणि सर्जिकल वॉर्डांना तो काटेकोरपणे लागू झाला, पुढे २०२१ मध्ये मुलांच्या वॉर्डांना. एका नर्समागे इतके पेशंट असा सरधोपट आकडा त्यात नाही. पेशंट किती आजारी आहेत, पडणं, बेडसोर, औषधांच्या चुका किती होतायत, आणि अनुभवी नर्सचं स्वतःचं मत काय, या तिन्हींवरून प्रत्येक वॉर्डाची संख्या ठरते. त्यासोबतच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांतल्या दोन तरतुदी बाहेर फारशा कुणाला माहीत नसतात. वॉर्ड सिस्टर त्या संख्येत धरायची नाही; तिने पेशंट वाटून घ्यायचे नाहीत, वॉर्ड चालवायचा. आणि जेवढी माणसं लागतात त्यावर २६.९ टक्के जास्त मंजूर करायची. म्हणजे शंभर तासांचं काम असेल तर १२६.९ तासांचा पगार बजेटमध्ये धरलेला असतो. रजा, आजारपण आणि प्रशिक्षण, तिन्ही त्या वरच्या तासांत बसतं. टॅब शिकायला माझ्या मुली गेल्या त्या ड्युटीच्या वेळेत आणि पगारी. त्यांच्या जागी कोण, हे चार्टात आधीच लिहिलेलं होतं.

याउलट भारतीय परिचर्या परिषदेचा निकष बघा. जिथे विद्यार्थ्यांना शिकवलं जातं अशा रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक नर्स, इतर रुग्णालयांत पाचांमागे एक. निकष काही वाईट नाही, उलट इथल्या कित्येक वॉर्डांपेक्षा उदार आहे. पण मी पश्चिम महाराष्ट्रात ज्या सरकारी रुग्णालयात होते तिथे रात्रपाळीला पन्नासच्या वर पेशंट आणि आम्ही दोघी. खाली गाद्या घातलेल्यांचे नंबर वेगळे. त्यातली एक लेबर रूमला मदतीला गेली की एकटी. अशा वॉर्डात परिपत्रक येतं की सोमवारपासून सर्व नोंदी ऑनलाइन. प्रशिक्षण विकली ऑफच्या दिवशी, नाहीतर नाइट उतरल्यावर सभागृहात, वर पंखा आणि समोर पॉवरपॉइंट. बदलाचं नेतृत्व कुणी करायचं? परिसेविकेने.

त्या परिसेविकेचा दिवस कसा जातो ते बघायला मंत्रालयातून कुणी आलेलं माझ्या तरी ऐकिवात नाही. सकाळी मळक्या चादरी मोजून धोब्याला देणे, धुतलेल्या मोजून घेणे. डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे टिकाऊ सामानाची वही, त्यात मोडकं स्टूलसुद्धा निकाली निघेपर्यंत तिच्या नावावर. इंडेंट, म्हणजे सामानाची मागणीचिठ्ठी, घेऊन स्टोअरला खेपा. वॉर्डबॉय मामा आले नाहीत, आया मावशी रजेवर, मग ऑक्सिजनचा सिलिंडर कोण ढकलणार यावरून वाद. साहेबांचा राउंड. थर्मामीटर हरवला तर लेखी खुलासा. या बाईला तुम्ही सांगता की स्टाफची मानसिकता बदला! तिला आधी वॉर्डात डोकं वर करून बघायला दोन तास मिळू देत.

त्यात कंत्राटाचा प्रश्न. मे २०२२ मध्ये बाह्यस्रोतातून होणाऱ्या भरतीविरोधात राज्यातल्या परिचारिका संपावर गेल्या, जुलै २०२५ मध्ये कंत्राटी भरतीविरोधात पुन्हा गेल्या. दोन्ही वेळा बातम्यांचा रोख एकच, रुग्णांचे हाल. हाल झाले असतीलच. पण चर्चेत एक मुद्दा राहून गेला असं मला वाटतं. अकरा महिन्यांच्या ऑर्डरवरची मुलगी नवीन पद्धत शिकेल, हात बसेल आणि ऑर्डर संपेल. मग दुसरी येणार, तिला पहिल्यापासून शिकवा. नोकरीच्या हमीची मागणी ही फक्त पोटापाण्याची नाही. शिकलेलं वॉर्डात साठून राहतं की गळून जातं, ते त्यावर ठरतं. शिवाय सरकारचा स्वतःचा भरवसा काय? जुलै २०२२ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतली एचएमआयएस ही संगणक प्रणाली बंद पडली आणि केसपेपर पुन्हा हाताने लिहावे लागले. तेव्हा जिने जुनं रजिस्टर गुपचूप चालू ठेवलं होतं ती मागासलेली म्हणायची की दूरदर्शी, तुम्हीच ठरवा.

इकडे सगळं आलबेल आहे असं वाचून कुणी पासपोर्ट काढू नये. आमच्या कायद्यातली संख्येची काटेकोर सक्ती अपघात विभागाला लागू नाही, आणि तिथे कॉरिडॉरमध्ये स्ट्रेचरवर रात्र काढणारे म्हातारे ही आता बातमीसुद्धा राहिलेली नाही. वरून लादलेल्या बदलांचा इतिहास इथेही आहे. शेजारच्या इंग्लंडने २००२ मध्ये आरोग्यसेवेचा राष्ट्रीय संगणक कार्यक्रम काढला, अब्जावधी पौंड घातले आणि २०११ मध्ये तो मोडीत काढला. संपाचं म्हणाल तर १९१६ पासूनची रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंग ही नर्सेसची संघटना डिसेंबर २०२२ मध्ये इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये एकदमच संपावर उतरली होती. आणि ज्या कायद्याचं मी एवढं कौतुक केलं, तो पाळायला लागणाऱ्या नर्सेस कुठून येतात? मार्च २०२४ मध्ये वेल्स सरकारने केरळ सरकारशी करार करून तिकडून २५० आरोग्य कर्मचारी आणायचं ठरवलं. आमचा ड्युटी चार्ट पूर्ण भरतो त्यात कोट्टायम आणि त्रिशूरच्या आईबापांनी भरलेल्या फीचा वाटा आहे. माझ्या आईबापांनी भरलेल्याचाही.

काही बाबतींत आपण पुढेही आहोत. इथे बरीच वर्षं पाळी बदलताना ओव्हर, म्हणजे पुढच्या पाळीला पेशंटांची माहिती, ऑफिसात बसून, चहा घेत द्यायची रीत होती. मग पेशंटच्या खाटेशी जाऊन द्यावा हा 'नवा' बदल आला, त्यासाठी पोस्टरं, कार्यशाळा, सगळं झालं. मला हसू आवरेना. बेड टू बेड ओव्हर घेताना चादरीखालची नळी स्वतः बघितली नाही म्हणून मी विद्यार्थिनी असताना सिस्टरांचा ओरडा खाल्लाय.

नेतृत्वाच्या कोर्सांबद्दलही थोडं. बढती मिळाल्यावर इथे तो करावा लागतो, आणि त्यात मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन हटकून भेटतात: १९४७ची मांडणी, आधी जुनं वितळवा, मग बदला, मग पुन्हा गोठवा. वॉर्डात गोठायला सवड कुठे असते? एक बदल अंगवळणी पडेपर्यंत पुढच्या दोन बदलांचे ईमेल आलेले असतात. मी त्या कोर्सातून एकच गोष्ट उचलली, ती म्हणजे नवीन काही सुरू करताना काय बंद करायचं तेही त्याच बैठकीत ठरवणं. टॅब आले त्या दिवशी कागदी फाइलींचं कपाट वॉर्डातून उचलून नेलं होतं. मागे वळायची वाटच नव्हती, पण दुप्पट लिहिणंही नव्हतं.

मागच्या महिन्यात माझी मैत्रीण, एका जिल्हा रुग्णालयात परिसेविका आहे, फोनवर म्हणाली, "तुझा कायदा राहू दे बाजूला. तो येईपर्यंत मी रिटायर होईन. उद्या काय करू ते सांग." मी म्हटलं, तीन गोष्टी माग. प्रशिक्षण ड्युटी चार्टावर दाखवायचं, विकली ऑफला नाही. चादरी आणि डेडस्टॉक लिपिकाकडे. आणि संगणक सुरू होईल त्या तारखेला कुठली रजिस्टरं बंद, त्याचं सहीचं पत्र.

पहिली मागणी अधिसेविकांनी, म्हणजे मेट्रननी, निम्मी मान्य केली. नाइट उतरलेल्यांना तरी बोलवणार नाहीत. दुसरीवर लिपिक संघटना काय म्हणेल ते सांगायला नकोच. तिसरीवर अडलंय. अधिसेविका म्हणतात असं पत्र अधीक्षकांनी द्यावं. अधीक्षक म्हणतात रजिस्टरं ऑडिटला लागतात, मी कशी बंद करू. ऑडिटवाल्यांना स्क्रीनवरची नोंद चालेल का, हे आजवर त्यांना कुणी विचारलेलंच नाही. पुढच्या बैठकीला त्यांच्यातल्याच कुणालातरी बोलव, असं मी तिला सुचवलं. ती म्हणाली, पत्र टाकून बघते.