उभ्याउभ्या फासबिंडर

दिग्दर्शक रायनर वेर्नर फासबिंडरची ‘बर्लिन अलेक्झांडरप्लाट्झ’ ही 1980 ची जर्मन टीव्ही मालिका. तेरा भाग, वर एक उपसंहार, एकूण साडेपंधरा तास. घाबरू नका, संग्रहालयात ती पाऊण तासात उरकते. 2007 मध्ये बर्लिनच्या ‘के. डब्ल्यू.’ कलासंस्थेने चौदा भागांना चौदा खोल्या दिल्या आणि सगळे भाग एकाच वेळी चालू ठेवले. (मोठ्या पडद्यावर सलगही दाखवत होते, पण तिकडे फिरकायचं तुम्हाला काय कारण?) पुढे न्यूयॉर्ककरांनाही हा लाभ झाला. तुमचा हुकला असेल, तर पुन्हा कुठे योग येण्याआधी तयारी करून ठेवा.

पहिल्या भागाने सुरुवात मुळीच करू नये. त्याचं नावच ‘शिक्षा सुरू होते’ असं आहे. फ्रान्त्स बिबरकोप्फ चार वर्षांनी टेगेलच्या तुरुंगातून सुटतो आणि फाटकाबाहेर येऊन भेदरतो. तो का भेदरला हे कळायला सव्वा तासाहून जास्त बसावं लागतं. त्यापेक्षा सरळ नवव्या खोलीत शिरा. बसू मात्र नका, बसलेला माणूस गुंततो. भिंतीला टेकायचं, हात मागे बांधायचे, मान किंचित तिरकी. तीन मिनिटांनी ‘हं’ म्हणून पुढची खोली.

थोडे घोटाळे होतील. एका खोलीत फ्रान्त्सला दोन्ही हात असतील, दुसरीत एकच. मधल्या कुठल्याशा खोलीत राइनहोल्ड नावाचा मित्रच त्याला धावत्या मोटारीतून ढकलून देतो, पण ती खोली तुम्ही गर्दी बघून टाळलेली असते. कुणाला विचारायला जाऊ नका. ‘कथनाची एकरेषीयता मोडली आहे’ असं म्हणा, सोबतचे लोक गप्प होतात. फ्रान्त्सची प्रेयसी इडा, तिच्या खुनाचं जरा अवघड आहे. ज्या खुनासाठी फ्रान्त्स तुरुंगात गेला, तो प्रसंग फासबिंडरने मालिकेत पुन्हा पुन्हा दाखवलाय. तीच खोली, तीच बाई, तोच मार, आणि दारात उभी राहून बघणारी तीच घरमालकीण. सलग बघणाऱ्याला दर खेपेस तो जास्त जड जातो म्हणतात. तुम्हाला मात्र वाटेल, अरे, या खोलीत आपण मघाशीच येऊन गेलो. आणि तुम्ही निघाल.

अंधाराची स्तुती करायला विसरू नये. 1980 मध्ये ही मालिका घरोघरी दिसली तेव्हा चित्र फार काळोखं आहे, काही दिसतच नाही, म्हणून जर्मन प्रेक्षकांनी केवढा गहजब केला होता. ते बिचारे काहीतरी दिसावं म्हणून बघत होते. तुमची तशी अट नसल्याने कॅमेरामन झावेर श्वार्ट्सेनबेर्गरच्या छायाप्रकाशाबद्दल मोकळेपणाने बोलता येईल. आल्फ्रेड डोब्लिनच्या 1929 च्या मूळ कादंबरीचं नाव निघालं, तर ‘पुस्तकाची सर नाही’ एवढं पुरे. हे वाक्य पुस्तक न वाचता जास्त ठामपणे म्हणता येतं.

एखाद्या खोलीत कोपऱ्यात कुणीतरी बसलेलं आढळेल. अंगावरचा कोट काढून मांडीवर घेतलेला, नजर पडद्यावर, तुम्ही आलात याची दखलही नाही. अशा माणसापासून चार हात लांब राहावं. त्याच्या आणि पडद्याच्या मधून जायचंच असेल तर जरा वाकून जावं, म्हणजे सौजन्यही दिसतं आणि फ्रान्त्सच्या नंतरच्या प्रेयसीचा, मिएत्सेचा, चेहरा नेमका हवा तेव्हा झाकलाही जातो. बार्बारा सुकोवाने ती भूमिका केली आहे. नाव पाठ करा, कॉफी पिताना लागेल.

उपसंहार जवळजवळ दोन तासांचा आहे. दारावरची पाटी वाचा.

मग चालत बर्लिनच्या खऱ्या अलेक्झांडरप्लाट्झ चौकात जा. मालिकेचं बरंचसं चित्रीकरण म्युनिकच्या स्टुडिओतलं, युद्धात उद्ध्वस्त झालेला चौक नव्याने बांधलेला, आणि मागचा टीव्हीचा मनोरा 1969 चा. पण फोटोत तो छान येतो. खाली लिहा, ‘फ्रान्त्सच्या पाऊलखुणांवर’. त्याचा कुठला हात गेला असं कुणी खवचटपणे विचारलंच, तर हृदयाचं चिन्ह टाकून मोकळे व्हा.