कच्ची बाजू

लातुरात राहून कोणत्याही गोष्टीची तयारी गुपचूप करता येत नाही. या गावाने दहावी-बारावीच्या निकालांतून सबंध महाराष्ट्राला ‘लातूर पॅटर्न’ दिला आणि तेव्हापासून येथे माणूस काहीही शिकू लागला, की त्याचे वेळापत्रक, त्याच्या सराव परीक्षा आणि त्याचा कच्चा विषय यांची चौकशी गल्लीभर होते. मी स्वतः कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवतो. त्यामुळे चाळिशी ओलांडल्यावर पार्कोर शिकण्याचे मनात आले, तेव्हा निदान आपली उद्दिष्टे तरी आपणच ठरवू, अशी माझी अपेक्षा होती. बारावीत शिकणाऱ्या माझ्या भाच्याने ती पहिल्याच दिवशी निकालात काढली.

पार्कोर म्हणजे भिंत, कठडा, पायऱ्या, खड्डा असले वाटेतले अडथळे केवळ अंगच्या बळावर, वेग न गमावता आणि हातपाय शाबूत ठेवून ओलांडण्याची विद्या. पॅरिसजवळच्या लीस या उपनगरात दाव्हिद बेल आणि त्याचे सवंगडी यांनी ती घडवली. पुढे २०१८ साली आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स महासंघाने तिला आपल्यात घेतले आणि २०२२ साली तोक्योत तिची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही झाली. आमच्या पिढीने हीच विद्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आजोळी एका माळवदावरून दुसऱ्या माळवदावर जाताना घेतली होती. फरक एवढाच, की आमच्या स्पर्धेचा निकाल आजी पाठीत धपाटा घालून जाहीर करीत असे.

मी उद्दिष्टांची जी यादी केली होती, तीत दोन गच्च्यांमधले अंतर उडीत पार करणे, धावत भिंतीवर चढणे आणि चित्रफितीत शोभतील अशा आणखी काही गोष्टी होत्या. भाच्याने ती वाचली आणि लाल पेनने शेरे मारले. गच्च्यांसमोर ‘अभ्यासक्रमाबाहेर’, भिंतीसमोर ‘मोजणार कसे?’ आणि तळाशी ‘पाया कच्चा’. हे तिन्ही शेरे मी वर्षानुवर्षे इतरांच्या वह्यांवर मारत आलो आहे, आणि ते वाचणाऱ्याला इतके झोंबतात याची मला कल्पना नव्हती.

मग त्याने माझ्यासाठी एकच उद्दिष्ट लिहिले. अंगणातल्या शहाबादी फरशीवर खडूने रेघ मारायची. जागच्या जागी उडी घेऊन दोन्ही पाय एकाच वेळी, चवड्यांवर, त्या रेघेवर टेकवायचे. टाच आपटायची नाही, पाऊल पुढे जाऊ द्यायचे नाही, आणि आवाज होऊ द्यायचा नाही. असे सलग पाच वेळा जमले तरच ते जमले; चौथ्याला तोल गेला तर पुन्हा पहिल्यापासून. एकदा जमणे म्हणजे न जमणे, हा पार्कोरवाल्यांचा दंडक. तो ऐकून आमच्या महाविद्यालयातील सराव परीक्षांचे वेळापत्रक कोणी आखले असावे, असा मला संशय आला.

यातली आवाजाची अट सर्वांत अवमानकारक आहे. उडीचा धक्का घोटे, गुडघे आणि खुबे यांनी मिळून पचवला, तर माणूस निःशब्द उतरतो. कोणी एकाने कामचुकारपणा केला, की सबंध घर दणाणते. माझी तिसरी-चौथी उडी ऐकून शेजारच्या वहिनींनी भिंतीपलीकडून ‘सिलिंडर आला का हो?’ असे विचारले. त्यांना आमच्याकडून रिकामा सिलिंडर हवा होता, ही गोष्ट वेगळी. शिवाय स्नायू काही आठवड्यांत बळकट होतात, पण स्नायुबंधांना तेवढ्यासाठी महिनोन्महिने लागतात. म्हणजे माणसाचा उत्साह आणि त्याचे गुडघे यांची बढती एकाच वर्षी होत नाही. एप्रिलात पारा ४० च्या पुढे गेला, तेव्हा तर ही अंगणातली फरशी सकाळी आठनंतर परीक्षेला बसूच देत नव्हती.

दुसरे प्रकरण बाजूंचे. ‘सेफ्टी व्हॉल्ट’ नावाच्या सर्वांत साध्या प्रकारात कठड्यावर एक हात आणि विरुद्ध बाजूचा पाय टेकवून दुसरा पाय मधून पलीकडे काढायचा असतो. उजवा हात टेकवला, की मी कठडा बऱ्यापैकी ओलांडतो. डावा हात टेकवला, की कोणता पाय उचलायचा यावर शरीरात मतभेद होतात आणि मी कठड्यावर घोड्यावर बसल्यासारखा बसून राहतो. साहजिकच मी रोज उजव्या बाजूचाच सराव करीत असे आणि प्रगतीवर खूश होतो. भाच्याने वहीत ‘उजवा’ आणि ‘डावा’ असे दोन रकाने आखले आणि म्हणाला, “मामा, येणारीच गणितं परत परत सोडवायलाय तुम्ही. पोरं असं करतात तेव्हा वर्गात काय म्हणता?” काय म्हणतो, ते मी येथे लिहिणार नाही.

तेव्हापासून आमच्या आवाराच्या ठेंगण्या भिंतीवर डाव्या हाताची शिकवणी सुरू झाली. भिंतीला हात लावण्याआधी ती तपासावी लागते, कारण आपल्याकडे पुढेमागे वरचा मजला चढवू म्हणून गजांची टोके वर तशीच सोडलेली असतात आणि गिलावा ऐनवेळी हातात येतो. मी ओणवा होऊन माती पुसत होतो, टेकवून पाहत होतो, चार पावले धावून ऐनवेळी थांबत होतो आणि पुन्हा मागे जात होतो. हे सारे पाहत बाकावर बसलेले निवृत्त अण्णा अखेर न राहवून म्हणाले, “सर, गेट उघडंच हाय की!” या वाक्याला पार्कोरमध्ये उत्तर नाही.

भाच्याने मात्र ऐनवेळी थांबण्याचीही नोंद ठेवली. त्याच्या मते ताकद नाही म्हणून थांबणे आणि भीती वाटते म्हणून थांबणे हे दोन वेगळे धडे असून, पहिल्यासाठी उठाबशा आणि दुसऱ्यासाठी भिंतीची उंची कमी करणे हा उपाय आहे. त्यामुळे काही दिवस मी गुडघ्याएवढ्या ओट्यावरून अत्यंत गांभीर्याने उड्या मारीत असे.

या सगळ्याला काही प्रतिष्ठा यावी म्हणून मी घरात इतिहास सांगितला. पार्कोरचे मूळ ज्या व्यायामपद्धतीत आहे, ती घडवणारे जॉर्ज एबेर हे फ्रेंच नौदलाचे अधिकारी. १९०२ साली मार्टिनिक बेटावर पेले ज्वालामुखीचा उद्रेक झाला, तेव्हा ते बचावकार्यात होते आणि माणसाने बळ कमवावे ते उपयोगी पडण्यासाठी, असा त्यांचा मंत्र होता. सौभाग्यवतींनी सगळे शांतपणे ऐकले. “अहो, मग वर जाऊन टाकी भरली का बघा की जरा,” त्या म्हणाल्या.

मांजरा धरणावर अवलंबून असलेल्या आणि २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी प्यायलेल्या या शहरात नळाला पाणी येण्याचा दिवस चुकवता येत नाही. आमची टाकी जिन्याच्या खोलीच्या छतावर असून तिची शिडी केव्हाच गंजून गेली आहे. उजवीकडे टीव्हीची डिश आणि तिच्या वायरी असल्याने तेथे केवळ डाव्या हाताने जोर काढून आणि डावा पाय आधी वर टाकूनच चढता येते. पाणी आले, की मी चढतो. ओसंडू लागले, की पुन्हा चढतो. वहीतला डावा रकाना महिन्याभरात बरोबरच्या खुणांनी भरून गेला आणि उजवा, कोणी विचारेनासे झाल्यामुळे, साफ घसरला. भाच्याने आता नवे वेळापत्रक आखले असून डिश उचलून डावीकडे बसवावी, असा त्याचा आग्रह आहे. त्याचा खर्च कोणी द्यायचा, यावर घरात बोलणी चालू आहेत.