‘कृष्णनीती’चा फॉरवर्ड आणि तालमीतलं तेल

डिसेंबर लागला की आमच्या शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड हमखास येतो. यंदा तर दोनदा आला. आधी शिरोलीत वर्कशॉप असलेल्या मित्रानं टाकला, आणि चार दिवसांनी दुसऱ्यानं, ‘लपवलेलं सत्य’ असं वर जोडून. मजकूर थोडक्यात असा: ख्रिस्त हा शब्द कृष्णावरून आला, बंगालात आजही कृष्णाला ‘क्रिश्टो’ म्हणतात. ख्रिश्चॅनिटी म्हणजे कृष्णनीती. जीझस म्हणजे ईशस्. ख्रिसमस म्हणजे कृष्णमास. ख्रिस्तापूर्वी ग्रीक लोक कृष्णभक्त होते, विदिशाचा खांब त्याची साक्ष देतो. आणि शेवटचा बाण: ‘ख्रिश्चन’ हा शब्द बायबलात नाहीच, तो मागाहून चिकटवला.

दरवर्षी मी गप्प बसतो. यंदा मित्रानं माझं नाव घेऊन विचारलं, “मास्तर, तुम्ही संस्कृत शिकवलंय, सांगा खरं का खोटं.” म्हणून हे.

शेवटच्या बाणापासूनच सुरुवात करतो, कारण तो तपासायला पाच मिनिटं पुरतात. बायबलात हा शब्द आहे. फार नाही, तीनदाच. प्रेषितांची कृत्ये 11:26 मध्ये, त्याच पुस्तकात 26:28 मध्ये, आणि पेत्राच्या पहिल्या पत्रात 4:16 मध्ये. पहिल्या ठिकाणी सरळ सांगितलंय की शिष्यांना ख्रिस्ती हे नाव प्रथम अंत्युखियात पडलं. अंत्युखिया म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं अंताक्या. नाव कुठं पडलं त्या गावाचा पत्ता ग्रंथातच असताना त्याचा उगम मथुरेत शोधायला जायचं म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा.

हां, फॉरवर्डवाल्याला इथं अर्धा मार्क देता येईल. चारही शुभवर्तमानांत, म्हणजे येशूच्या चरित्रग्रंथांत, हा शब्द नाही. येशूनं तो वापरल्याची नोंद नाही. पौल या सुरुवातीच्या प्रचारकाची एवढी पत्रं आहेत, त्यातही नाही. येशूची अनुयायी मंडळी एकमेकांना शिष्य म्हणत, बंधू म्हणत, पवित्र जन म्हणत. त्यांच्या पंथाला नुसतं ‘मार्ग’ म्हटलेलंही सापडतं. पौलावर खटला चालला तेव्हा वकिलानं त्याला नासरेथवाल्यांच्या पंथाचा पुढारी म्हटलं. न्यू शाहूपुरीत वायल्डर मेमोरियल चर्चला जाणारा माझा एक जुना मित्र आहे. त्याच्या आईची पक्की समजूत होती की हे नाव प्रभूनंच दिलं. तिलाही मी हेच सांगितलं होतं. तिनं चहा दिला, पण मत बदललं नाही.

मग दिलं कुणी? शब्दाची घडणच ते सांगते. ग्रीकमध्ये तो ‘ख्रिस्तियानोस’ असा आहे. मागचं ‘इयानोस’ हे लॅटिनकडून आलेलं शेपूट, आणि ते जोडलं की अर्थ होतो अमक्याचा माणूस, तमक्याच्या बाजूचा. हेरोद राजाच्या बाजूच्या लोकांना बायबलात ‘हेरोदी’ म्हटलंय, तेही याच साच्यातलं. कोल्हापूरकराला हे समजावून सांगायची गरज नाही. इथं गोकुळ दूध संघाची निवडणूक असो की सोसायटीची, माणसाची ओळख आधी गटावरून होते: “तो व्हय? तो साहेबांच्या गटाचा.” स्वतःचं नाव असं कुणी ठेवत नाही, समोरचा ठेवतो. यहुदी लोक या मंडळींना ख्रिस्ती म्हणाले असतील हेही अवघड, कारण तसं म्हणणं म्हणजे येशू हा ख्रिस्त आहे हे कबूल करणं. तेव्हा हे नाव अंत्युखियातल्या परक्या लोकांनी, बहुधा थोडं टिंगलीनं ठेवलं असावं, असं मानायला जागा आहे. दुसऱ्या ठिकाणी अग्रिप्पा राजा पौलाला जे म्हणतो त्याचा सूरही बघा: एवढ्याशा बोलण्यानं मला ख्रिस्ती करतोस होय! आणि तिसऱ्या ठिकाणी पेत्र लिहितो की ख्रिस्ती म्हणून सोसावं लागलं तर लाज बाळगू नका. लाज बाळगू नका असं कधी सांगावं लागतं, ते उघड आहे.

आता मुख्य मुद्दा, ख्रिस्त म्हणजे कृष्ण. इथं जरा थांबू, कारण सगळी गंमत इथंच आहे.

मी शाळेत असताना तीन वर्षं गंगावेशीत तालमीला जात होतो. कुस्ती काही जमली नाही, पण तेलाचा वास अजून नाकात आहे. वस्ताद ओंजळीत तेल घ्यायचे, खांद्यावर टाकायचे आणि अंगठ्यानं दाबत दाबत मनगटापर्यंत असे उतरायचे की डोळ्यांत पाणी यायचं. मग लाल मातीत. ग्रीक पैलवानही अंगाला तेल लावूनच उतरत, पण त्यांच्याकडं त्या मालिशीला एक क्रियापद चाले, आणि तेल चोपडायला दुसरं एक होतं, ‘ख्रिओ’. या दुसऱ्यापासून ‘ख्रिस्तोस’: ज्याला तेल लावलंय तो. ग्रीक माणसाच्या कानाला त्यात देवाधर्माचं फार काही नव्हतं.

देवाधर्माचा अर्थ आला तो हिब्रूकडून. इस्राएलात राजा गादीवर बसवायचा तर त्याच्या डोक्यावर तेल ओतत. शमुवेल संदेष्टा शिंगात तेल भरून पुढं राजा झालेल्या दावीदाकडं गेला आणि भावांच्या देखत त्याचा अभिषेक केला, ही गोष्ट शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात आहे. याजकांच्या तेलाची तर पाककृतीच निर्गमच्या 30व्या अध्यायात दिलीय: 500 शेकेल गंधरस, 250 शेकेल दालचिनी, आणखी दोन सुगंधी जिन्नस आणि एक हिन (तेव्हाचं एक माप) जैतुनाचं तेल. ज्याचा असा अभिषेक झाला तो ‘माशीअह’, आपल्याकडं रूढ झालेला मशीहा. येशूच्या आधी दोन-तीनशे वर्षांपासून यहुदी पंडितांनी हे ग्रंथ ग्रीकमध्ये आणायला घेतले, तेव्हा ‘माशीअह’ला त्यांनी शब्द योजला ‘ख्रिस्तोस’. मराठी बायबलात त्या जागी ‘अभिषिक्त’ येतं. ज्या गावानं राजर्षी शाहूंचा 1894 सालचा राज्यारोहण सोहळा पाहिला आणि जिथं अंबाबाईच्या अभिषेकाची पावती फाडायला लोक रांगेत उभे असतात, तिथं हा शब्द परका वाटायचं कारण नाही.

म्हणजे ख्रिस्त हे भाषांतर आहे. भाषांतरात अर्थ प्रवास करतो, आवाज मागं राहतो. काळेसाहेबांना कुणी इंग्रजीत ब्लॅकसाहेब केलं तर ‘ब्लॅक’चा उगम काळे आडनावात शोधायचा का? आणि हे भाषांतर आहे हे मी म्हणत नाही, ग्रंथ म्हणतो. योहानकृत शुभवर्तमान 1:41 मध्ये अंद्रिया आपल्या भावाला सांगतो की आम्हाला मशीहा सापडला, आणि लिहिणारा लगेच खुलासा करतो की याचा अर्थ ख्रिस्त. त्याहून मोठा पुरावा यशयात आहे, 45:1. तिथं परमेश्वर इराणच्या कोरेश बादशहाला ‘माझा अभिषिक्त’ म्हणतो, आणि ग्रीक भाषांतरात त्या जागी शब्द आहे ख्रिस्तोस. हे भाषांतर येशूच्या जन्माआधीचं. शौल राजालाही तोच शब्द, मोशेच्या नियमातल्या याजकालाही तोच. ख्रिस्तोस म्हणजे कृष्ण असेल तर शौल कृष्ण, कोरेश कृष्ण, आणि जेरुसलेमच्या देवळातला प्रत्येक मुख्य याजक कृष्ण.

अजून एक. येशूच्या स्वतःच्या बोलीत, अरामीत, त्याला ‘मशीहा’ म्हणत. अरबीत ‘मसीह’, उर्दूत ‘मसीह’. यात क नाही, र नाही, ष्ण नाही. मूळ नाव कृष्ण असतं तर ते त्याच्याच गावात पुसलं जाऊन फक्त ग्रीकांच्या तोंडी कसं उरलं?

कृष्णाच्या बाजूनंही बघू. कृष्ण म्हणजे काळा, सावळा. या शब्दाचे युरोपात खरेखुरे चुलतभाऊ आहेत, पण भलत्याच घरात. रशियनमध्ये काळ्याला ‘चोर्नी’ म्हणतात, बाल्टिक किनाऱ्यावरच्या जुन्या प्रशियन भाषेत ‘किर्स्नान’ म्हणत. ते दोन्ही याच मुळाचे. ‘ख्रिओ’ हा मुळीच त्या कुळातला नाही. ऐकायला सारखं वाटतं म्हणून नातं जुळत नाही, नाहीतर कन्नडमधला ‘हत्ती’, म्हणजे कापूस, आमच्या घाटावरच्या सगळ्या गिरण्यांत सोंड हलवत फिरला असता.

बंगाली ‘क्रिश्टो’चा मुद्दा ऐकायला भारी आहे. पण बंगालीत विष्णूचंही ‘बिष्टू’ होतं. ष्ण आला की बोलीत ष्ट करायची ती बंगाली जिभेची स्वतःची सवय. तिचा अंत्युखियातल्या ग्रीकांशी काय संबंध? आणि ‘ख्रिश्चन’मधला जो श्च आपल्याला कृष्णासारखा वाटतो, तो तर निव्वळ इंग्रजी उच्चार आहे. ‘क्वेश्चन’मध्ये आहे तोच. ग्रीकमध्ये त्या जागी साधे स् आणि त्. मराठीत हा शब्द तीन दारांनी आला: पोर्तुगिजांकडून किरिस्ताव, इंग्रजांकडून ख्रिश्चन, आणि ख्रिस्तला आपला ‘ई’ लावून ख्रिस्ती. फॉरवर्डनं नेमकं ते दार निवडलं, जिथून आवाज सगळ्यात जास्त बदलून आला.

विदिशाचा खांब मात्र खरा आहे, आणि तो बघण्यासारखा आहे. तिथले लोक त्याला खामबाबा म्हणतात. तक्षशिलेचा ग्रीक राजदूत हेलिओदोरस यानं तो ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकाच्या अखेरीस उभारला. ब्राह्मी लिपीत, प्राकृतात लेख आहे: देवांचा देव वासुदेव याचा हा गरुडध्वज. एका ग्रीकानं वासुदेवाची भक्ती पत्करली याचा याहून चांगला पुरावा मिळणार नाही. पण तो काय सांगतो ते वाचा ना. देवाचं नाव वासुदेव लिहिलंय. स्वतःला तो ‘भागवत’ म्हणवतो. कृष्णाचा भक्त झालेल्या ग्रीकाला काय म्हणायचं, याचं उत्तर दगडात कोरलेलं आहे, आणि ते ‘ख्रिस्ती’ नाही. साक्षीदार फॉरवर्डनं बोलावला आणि तो उलटला.

बाकीचं भरभर. येशू हे हिब्रू ‘येशूआ’, म्हणजे यहोशवाच, अर्थ ‘परमेश्वर तारण आहे’. मत्तयाच्या पहिल्या अध्यायात नावाचं कारणही दिलंय: तो आपल्या लोकांना पापांपासून तारील. ‘जीझस’च्या शेवटचा स हा ग्रीक प्रत्यय आहे, तो काढला की ईशस्‌ची अर्धी इमारत पडते. ख्रिसमसमधला ‘मस’ म्हणजे मास नव्हे, ‘मिस्सा’, चर्चमधला प्रार्थनाविधी. आणि कृष्णमास म्हणे! कृष्णजन्म श्रावणात, गीतेत भगवंत स्वतःला मार्गशीर्ष म्हणवतात, यातला कुठला 25 डिसेंबरला बांधायचा? ‘कृष्णनीती’बद्दल एवढंच: ख्रिश्चॅनिटीतला ‘इटी’ हा युनिटी, पब्लिसिटीतलाच. तिथं कुठली नीती?

हे सगळं स्वदेशी अभिमानानं पाठवलं जातं, म्हणून शेवटी एक सांगतो. ‘येझेउस ख्रिस्ना’ असं जोडनाव करून हा सिद्धांत युरोपभर गाजवला तो लुई जाकोलियो या फ्रेंच माणसानं, 1869 साली. चंदननगरला फ्रेंचांच्या कोर्टात तो न्यायाधीश होता. त्याच्या संस्कृत आधारांची मॅक्स म्युलरनं तेव्हाच हजेरी घेतली होती. माल फ्रेंच आहे, लेबल तेवढं आपण लावलं.

हे मी ग्रुपवर तुकड्या-तुकड्यांनी टाकलं. बराच वेळ नुसत्या निळ्या टिका. मग शिरोलीवाला मित्र म्हणाला, “बरं मास्तर, मग त्या ग्रीकांनी कृष्णाचं नाव भाषांतर करून घेतलं असतं तर काय झालं असतं?”

“काळा म्हणजे ग्रीकमध्ये ‘मेलास’.”

“काय?”

“मेलास.”

दोन मिनिटं काहीच नाही. मग उत्तर आलं: “हे आपल्या ग्रुपातच ऱ्हाऊ दे भावा. आई वाचत असते.”