ग्रिपला कानस लावली म्हणून रायफल बाद होत नाही

गेले काही महिने नेमबाज मुलांच्या पालकांमध्ये एक मेसेज फिरतोय. दहा मीटर एअर रायफलवाल्यांसाठी ‘अत्यंत महत्त्वाची सूचना’, वर लाल दिवा, खाली हात जोडलेले. मजकूर थोडक्यात असा: कंपनीची ग्रिप (ट्रिगरमागची हाताने धरायची मूठ) घासली किंवा तिला पुट्टी लावली तर रायफल स्पर्धेतून बाद, वर शस्त्र कायद्याखाली गुन्हा. हात घसरत असेल तर बॅटची ग्रिप टेप गुंडाळा, ती चालते. पिस्तूलवाल्यांसारखा तळहाताखाली टेकू करून घ्या, तोही चालतो. आणि रायफलच्या तपासणीत एकदा पास झालात की पुढे काळजी नाही.

मी रेंजवर मुलांच्या रायफली त्यांच्या अंगाला बसवून देतो, त्यामुळे हा मेसेज आठवड्यातून दोनदा तरी माझ्याकडे येतो. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असेलही. पण जे चालतं ते त्याने बंद केलंय आणि जे बंद आहे ते चालू करून दिलंय.

घासण्यापासून सुरू करू. या प्रकाराचे नियम आंतरराष्ट्रीय महासंघाचे, म्हणजे आयएसएसएफचे, आणि आपल्या राष्ट्रीय रायफल संघटनेच्या स्पर्धाही त्यावरच चालतात. रायफलचं वजन सगळं धरून ५.५ किलोच्या आत हवं. नळीच्या मध्यातून सरळ खाली एक उभी पातळी कल्पिली, तर ग्रिप तिच्यापासून बाजूला ६० मिलिमीटरपेक्षा जास्त जाता कामा नये. उजव्या हाताने मारणाऱ्याची ग्रिप डाव्या हातावर टेकता कामा नये. दस्त्यात अंगठ्यासाठी भोक नको, अंगठ्याला टेकू नको, पाम रेस्ट (पुढच्या हातासाठी रायफलखाली लावायचा टेकू) नको, हील रेस्ट (ग्रिपवर तळहाताला दिलेला टेकू) नको, स्पिरिट लेव्हल (रायफल तिरकी आहे का दाखवणारी बुडबुड्याची नळी) नको. या चौकटीत राहून ग्रिपला हाताचा आकार द्यायला काहीच आडकाठी नाही. ग्रिप खोक्यातून निघाली तशीच राहिली पाहिजे, असं कुठेही लिहिलेलं नाही. तसं असतं तर स्क्रूने कोन बदलणाऱ्या ग्रिपा कंपन्यांनी काढल्याच नसत्या.

आता हे करायचं कशासाठी, तेही सांगतो, कारण ‘कंपनीला आपल्यापेक्षा जास्त कळतं’ असं एक वाक्य त्या मेसेजमध्ये आहे. कंपनीला हात कळतो, पण तो सरासरी हात. आमच्याकडे तेरा वर्षांची एक मुलगी आहे. ग्रिप मध्यम मापाची, हात लहान. ट्रिगरपर्यंत बोटाचं फक्त टोक पोचायचं, त्यामुळे ट्रिगर सरळ मागे येण्याऐवजी बाजूला ढकलला जायचा. स्क्रीनवर गोळ्या घड्याळातल्या नऊच्या बाजूला सरकलेल्या. आधी ट्रिगरचं पातं रुळावर मागे घेतलं. हे फुकटात होतं, म्हणून नेहमी आधी हेच करावं. थोडा फरक पडला, पुरेसा नाही. मग तिच्या तळहाताला खडूची पूड लावून तिला ग्रिप धरायला सांगितली. अंगठा आणि तर्जनीमधल्या खोबणीची पूड ग्रिपच्या मानेला लागलीच नव्हती. हात आत बसतच नव्हता.

ग्रिप एका अ‍ॅलन स्क्रूवर असते. ती रायफलवरून काढूनच काम करायचं. लाकडाचा भुसा ट्रिगरच्या यंत्रणेत गेला तर वेगळंच दुखणं. मागची मान आधी कानशीने, मग १२० च्या पॉलिश पेपरने दोन-तीन मिलिमीटर उतरवली. करंगळीपाशी पोकळी राहत होती, तिथे एम-सीलचा पातळ थर दिला. ग्रिप परत चढवली, तिच्या हाताला स्वयंपाकघरातली पातळ प्लॅस्टिक फिल्म गुंडाळली आणि पुट्टी मऊ असतानाच तिला नेम धरण्याच्या पूर्ण पोझिशनमध्ये उभं केलं. टेबलाशी बसून ठसा घेतला तर मनगटाचा कोन वेगळा येतो आणि सगळी मेहनत वाया जाते. ही चूक मी स्वतः एकदा केली आहे. रात्रभर सुकू दिलं, सकाळी पुन्हा ग्रिप काढून पुट्टी गुळगुळीत केली.

यात फायदा किती? गुण दशांशात मोजतात आणि एक दशांश म्हणजे टार्गेटवर पाव मिलिमीटर. दहाच्या वर्तुळातली गोळी अर्धा मिलिमीटर बाहेर सरकली की दोन दशांश गेले. प्रत्येक गोळीला तेवढे गेले तर साठ गोळ्यांत बारा गुण. नव्या जॅकेटवर पन्नास हजार घालण्याआधी हा हिशेब करावा.

शस्त्र कायद्याचं भूत दोन वाक्यांत उतरतं. २०१६ च्या शस्त्र नियमांत एअर रायफलच्या परवान्याचा प्रश्न नळीच्या व्यासावर आणि २० जूलच्या ऊर्जेवर ठरतो. ग्रिपचं लाकूड घासल्याने यातलं काहीच बदलत नाही.

टेपचा सल्ला मात्र खरोखर घातक आहे. पकड वाढवणारं साहित्य ग्रिपला, पुढच्या दस्त्याला किंवा दस्त्याच्या खालच्या भागाला लावायला मनाई आहे. बॅटची टेप म्हणजे नेमकं तेच. पुट्टीने आकार येतो, चिकटपणा येत नाही; म्हणूनच ती शेवटी घासून गुळगुळीत करायची, खरखरीत ठेवायची नाही. मुंबई-कोकणात घामाने हात घसरतो हे मान्य. बऱ्याचदा दोष ग्रिपवरच्या चकचकीत लॅकरचा असतो. ते उतरवून लाकूड मोकळं करा, दोन गोळ्यांच्या मध्ये हात पुसायला नॅपकिन ठेवा. यात काही लावलेलं नाही, काढलेलंच आहे.

टेकूची गल्लत कुठून आली तेही कळतं. पिस्तुलाच्या ग्रिपला तळहाताखाली टेकू असतो, पण तिथेही तो ९० अंशांपेक्षा कमी कोनात वर वळलेला चालत नाही आणि मनगट मोकळं दिसावं लागतं. तो खेळच वेगळा. रायफलच्या नियमात हील रेस्टला नाव घेऊन बंदी आहे. पुट्टी लावताना बहुतेक बाबा मंडळी इथेच वाहवत जातात: पोकळी भरता भरता खाली एक छानसा ओटा, म्हणजे हील रेस्टच, तयार होतो. दुसरी गल्लत फोटोंची. २०२४ ला पॅरिसमध्ये कोल्हापूरच्या स्वप्निल कुसळेने कांस्य मिळवलं, तेव्हापासून ५० मीटर थ्री पोझिशनच्या (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून मारायच्या प्रकारातल्या) रायफलींचे फोटो दाखवून ‘असंच करून द्या’ म्हणणारे वाढलेत. त्या प्रकारात हुकवाली बट प्लेट (खांद्याला टेकणारी पट्टी) चालते, पाम रेस्ट चालतो. दहा मीटरला नाही.

राहिलं ‘एकदा पास झालं की झालं’. मॅच संपल्यावरही यादृच्छिक तपासणी होते. पास झाल्यानंतर रायफलमध्ये नियमाबाहेरचा बदल केलेला सापडला तर खेळाडू बाद, आणि जबाबदारी कोचची किंवा कंपनीची नव्हे, खेळाडूची. तेव्हा ग्रिपचं काम स्पर्धेच्या आठवड्यात काढू नका. शंका असेल तर मॅचच्या आधी इक्विपमेंट कंट्रोलच्या, म्हणजे साहित्य तपासणीच्या, टेबलावर रायफल ठेवा आणि विचारा. तिथली माणसं विचारणाऱ्याला खात नाहीत. जाता जाता हवेच्या सिलिंडरवरची तारीखही बघून घ्या, मुदत संपलेलं सिलिंडर वापरायचं नसतं. त्या मेसेजमध्ये एवढी एक कामाची ओळ तरी असायला हवी होती.

टेप आधीच गुंडाळून झाली असेल तर आज रात्री काढा. गोंद राहतो, तो स्पिरिटच्या बोळ्याने निघतो. मग १२० चा कागद.