सुटका होणार असेल तर आधी हे वाचा

कुंटणखान्यातून सुटका व्हायचीच असेल तर बाई, तारीख-वार बघून होऊ द्या. मार्चअखेर मुळीच नको. तेव्हा साहेब निधी खर्ची टाकण्याच्या धांदलीत असतात. एप्रिल-मेही टाळा, जुनं अनुदान संपलेलं, नवं अजून फायलीत.

धाडीची काळजी तुम्ही करू नका. बुधवार पेठ असो की कामाठीपुरा, गाड्या येतात, कॅमेरे येतात, दुसऱ्या दिवशी ‘इतक्या मुलींची सुटका’ अशी बातमीही येते. त्या आकड्यात तुम्ही असताच.

पुढचा मुक्काम संरक्षणगृह. १९५६च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक, म्हणजे ‘पिटा’, कायद्यानुसार दंडाधिकारी तुम्हाला तिथे एक ते तीन वर्षं ठेवू शकतात. कुलूप बाहेरून लागलं तर दचकू नका. आधीच्या खोलीलाही बाहेरूनच होतं.

पुनर्वसनाच्या योजनेचं नाव तेवढं नीट विचारून घ्या. २००७ साली ती ‘उज्ज्वला’ होती. २०२२ मध्ये ‘स्वाधार गृहा’त मिसळून ‘शक्ती सदन’ झाली. केंद्राचे साठ टक्के, राज्याचे चाळीस. आधीच्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरल्या कामावरच खर्चले याचा दाखला, गेल्याशिवाय पुढचा सुटत नाही, आणि तोवर संस्थेच्या बाई किराणावाल्याला ‘पुढच्या महिन्यात नक्की’ म्हणत असतात. समुपदेशक? पद मंजूर आहे की! रिकाम्या खुर्चीपुढे बसून बोला, ती मध्ये बोलत नाही.

आता पैशाचं. वेठबिगारांच्या पुनर्वसनाची २०१६ची केंद्राची योजना आहे. कुंटणखान्यातून सोडवलेल्या बाईला तीत ३ लाख मिळतात. ३ लाख! तातडीचे म्हणून ३० हजारांपर्यंत, बाकीचे आरोपीला शिक्षा झाल्यावर. म्हणून आरोपी निवडतानाच चोखंदळ राहा: जामिनावर सुटून पसार न होणारा, साक्षीदार न फोडणारा, तारखेला वेळेवर हजर राहणारा. असा सालस माणूस या धंद्यात का आला, हे विचारत बसू नका.

अर्जाला आधार लागेल. ते मालकिणीच्या कपाटात राहिलं, हे कारण कुठल्याच रकान्यात बसत नाही. ‘कायमचा पत्ता’ म्हणून ज्या मामानं विकलं त्याचं घर लिहा. पडताळणीला माणूस तिथेच जाईल आणि ‘मुलगी चांगल्या घरची आहे’ असा मामांचा जबाब घेऊन येईल.

मंत्र्यांची भेट ठरली की शिलाई मशीनवर बसून घ्या. दोरा नसला तरी चालेल, फोटोत दिसत नाही.

एवढं करूनही घरी जावंच लागलं, तर गावातल्या दलालाकडून आमच्या खात्यानं काही शिकावं. आठवड्याच्या आत तो दारात हजर. उचल रोख, आईच्या हातात. आधार नको, पडताळणी नको, निकालाची वाट बघणं नको. उपयोगिता प्रमाणपत्र तर त्यानं आजवर कुणाकडे मागितलेलं नाही.