‘तीस वर्षांत काहीच निघाले नाही’ म्हणणाऱ्या मधुमेहाच्या संदेशाला उत्तर

मधुमेहाविषयीचा एक लांबलचक संदेश सध्या व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. त्याचा सारांश असा: ‘अमेरिकेच्या सरकारने २०२५ साली कोलंबिया विद्यापीठाचे मधुमेह संशोधनाचे अनुदान बंद केले, कारण तीस वर्षांत त्यातून काहीच निघाले नाही. पैसा प्राध्यापकांच्या खिशात गेला. हे संशोधन औषध कंपन्यांसाठीच चालते, म्हणूनच साखरेची मर्यादा १४० वरून १२६ वर आणली. गोळ्यांनी किडन्या जातात, इन्सुलिनची सवय लागते. गोळ्या फेका, मेथीचे पाणी प्या आणि रोज चाला.’ असे संदेश मी एरवी न वाचताच काढून टाकतो. हा मात्र माझ्या सोलापूरच्या मामांपर्यंत पोहोचला आणि त्यांनी डॉक्टरांना न विचारता मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणे थांबवले, त्यामुळे उत्तर देणे भाग आहे.

अनुदान बंद झाले होते, एवढेच त्या पहिल्या विधानात खरे आहे. मार्च २०२५ मध्ये ट्रम्प प्रशासनाने कोलंबिया विद्यापीठाची सुमारे ४० कोटी डॉलरची अनुदाने आणि कंत्राटे एकदम रद्द केली, आणि गाझा युद्धाविरोधी आंदोलनांच्या काळात ज्यू विद्यार्थ्यांना होणारा त्रास विद्यापीठाने रोखला नाही, असे त्याचे कारण दिले. तो आरोप कितपत योग्य होता हा वाद वेगळा, पण त्यात मधुमेहाचा ‘म’सुद्धा नव्हता. ‘डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम’ या प्रदीर्घ अभ्यासाच्या देशभरातील सुमारे तीस केंद्रांना मिळणारा सरकारी पैसा कोलंबियामार्फत वाटला जात होता, म्हणून भांडणाशी काडीचाही संबंध नसलेल्या केंद्रांचे पैसेही त्या घाऊक कारवाईत अडकले. जुलैमध्ये विद्यापीठाने तीन वर्षांत २० कोटी डॉलर भरण्याचे कबूल करून सरकारशी तडजोड केली आणि रोखलेली बहुतेक अनुदाने पुन्हा सुरू करण्याचे ठरले. संशोधन निष्फळ म्हणून पैसे थांबवले असते, तर विद्यापीठाने रक्कम भरताच ते सफळ कसे ठरले असते, याचे उत्तर संदेश लिहिणाऱ्याने द्यावे.

आता ‘काहीच निघाले नाही’ याविषयी. मला सर्वांत हास्यास्पद वाटते ते हेच विधान, कारण ज्या अभ्यासाची संदेशात टिंगल केली आहे त्याचा मुख्य निष्कर्षच संदेशाच्या शेवटच्या ओळीत सल्ला म्हणून दिलेला आहे. ‘रोज चाला’ हे आज जगभरचे डॉक्टर निव्वळ आजीबाईच्या शहाणपणावर विसंबून सांगत नाहीत. त्यामागचा सर्वांत भक्कम पुरावा याच सरकारी अनुदानातून उभा राहिला आहे.

त्या अभ्यासात नेमके काय केले हे थोडे सविस्तर सांगतो. वजन जास्त आणि रक्तातील साखर वाढलेली, पण अजून मधुमेह न झालेली ३,२३४ माणसे निवडण्यात आली. कोणी कोणत्या गटात जायचे हे यादृच्छिक पद्धतीने ठरवले गेले. एका गटाला दिवसातून दोनदा ८५० मिलिग्रॅम मेटफॉर्मिन मिळाले, दुसऱ्याला तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्या मिळाल्या आणि तिसऱ्या गटाला गोळी न देता आहार-व्यायामाचे शिक्षण देण्यात आले. हे शिक्षण म्हणजे हातात माहितीपत्रक देऊन केलेली बोळवण नव्हती. प्रत्येकाला एक प्रशिक्षक दिला होता, सुरुवातीच्या सहा महिन्यांत सोळा पाठ समोरासमोर बसून घेतले गेले, आणि उद्दिष्टे दोनच ठेवली: वजन सात टक्क्यांनी उतरवायचे, म्हणजे ७५ किलोच्या माणसाने सव्वापाच किलो, आणि आठवड्यातून किमान १५० मिनिटे झपाझप चालण्याइतके श्रम करायचे. सरासरी पावणेतीन वर्षांनंतर पाहिले तेव्हा औषध नसलेल्या गटात दर वर्षी शंभरातील ११ जणांना मधुमेह होत होता, मेटफॉर्मिनच्या गटात ७.८ जणांना आणि चालणाऱ्यांच्या गटात ४.८ जणांना. मधुमेह होण्याचे प्रमाण मेटफॉर्मिनने ३१ टक्क्यांनी घटले होते आणि आहार-व्यायामाने ५८ टक्क्यांनी. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास ठरलेल्या मुदतीच्या वर्षभर आधीच थांबवण्यात आला, आणि २००२ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

म्हणजे सरकारी पैशातून झालेल्या या तुलनेत गोळी हरली आणि पायी चालणे जिंकले. असली तुलना करून घेण्यासाठी कोणती औषध कंपनी स्वतःहून पैसे मोजेल? विद्यापीठांना सार्वजनिक अनुदान का लागते, याचे याहून थेट उत्तर मला माहीत नाही. पुढे याच निष्कर्षांवर अमेरिकेत देशव्यापी प्रतिबंधक वर्ग उभे राहिले आणि २०१८ पासून ज्येष्ठांच्या सरकारी विम्यातून त्यांचा खर्चही दिला जाऊ लागला.

‘तीस वर्षे कशाला लागतात’ असा एक टोमणाही त्या संदेशात आहे. त्याचे कारण असे की अशा उपायाचा परिणाम काळाबरोबर ओसरतो का, हे काळ जाऊ दिल्याशिवाय कळत नाही. पंधरा वर्षांनी पाहिले तेव्हा ५८ टक्क्यांचा फायदा २७ टक्क्यांवर आणि मेटफॉर्मिनचा १८ टक्क्यांवर आला होता. तो कमी झाला, पण संपला नाही, आणि हे संशोधकांनी स्वतःच छापले. चेन्नईत ५३१ जणांवर झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय अभ्यासात आहार-व्यायामाचा फायदा २८.५ टक्के आणि मेटफॉर्मिनचा २६.४ टक्के दिसला, तेव्हा ‘आपल्या लोकांना ते लागू नाही’ हीसुद्धा पळवाट उरत नाही.

खिशात पैसा गेल्याच्या आरोपावर फार वेळ घालवण्याची गरज नाही. अमेरिकेत संशोधनाच्या थेट खर्चावर इमारत, वीज, हिशेबनीस यांसाठी विद्यापीठाला वेगळी रक्कम मिळते. काही ठिकाणी तिचा दर साठ टक्क्यांपर्यंत जातो, आणि तो अवाजवी असल्याची टीका जबाबदार माणसेही करतात. पण साठ टक्के म्हणजे शंभरातले साठ नव्हेत, शंभरावर साठ. एकूण रकमेच्या हिशेबात ते साडेसदतीस टक्के होतात, आणि ते विद्यापीठाच्या खात्यात जातात, प्राध्यापकाच्या घरी नव्हे.

कंपन्यांच्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. वर वर्णन केलेल्या अभ्यासातील औषधे कंपन्यांनीच पुरवली होती. सुरुवातीला त्यात ट्रोग्लिटाझोन नावाच्या नव्या औषधाचा चौथा गटही होता, आणि सरकारी संस्थेतील मधुमेह विभागाचा प्रमुखच त्या कंपनीकडून सल्लागार म्हणून पैसे घेत होता, हे १९९८ मध्ये ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने उघडकीस आणले. ही लाजिरवाणी गोष्ट आहे. मात्र त्याच वर्षी यकृत निकामी होऊन एका सहभागी व्यक्तीचा मृत्यू झाल्यावर तो गट अभ्यासातून काढून टाकण्यात आला, आणि २००० साली ते औषध अमेरिकेच्या बाजारातूनच गेले. संशोधन निव्वळ कंपन्यांच्या तालावर चालले असते तर असे घडले नसते.

साखरेची मर्यादा १९९७ मध्ये उपाशीपोटी १४० वरून १२६ वर आणली गेली, हेही खरे, आणि त्यामुळे औषधांचा खप वाढला असणार. परंतु डोळ्यांच्या पडद्यावरील रक्तवाहिन्यांची हानी साखरेच्या कोणत्या पातळीपासून वाढू लागते, हे तीन वेगवेगळ्या लोकसमूहांच्या तपासण्यांत पाहून तो आकडा ठरवला होता. वाद घालायचाच असेल तर तो मधुमेहपूर्व अवस्थेच्या रेषेवर घालावा. ही रेषा अमेरिकेची मधुमेह संघटना १०० ला ओढते आणि जागतिक आरोग्य संघटना ११० ला.

खरे नुकसान करणारी ओळ आहे ती गोळ्या फेकण्याची. मेटफॉर्मिनने किडनी जात नाही. किडनीचे काम फारच मंदावले असेल तर हे औषध शरीरात साठू नये म्हणून डॉक्टर ते कमी करतात किंवा थांबवतात, आणि शेजारच्या कुणाचे औषध असे थांबलेले पाहून लोक उलटाच निष्कर्ष काढतात. किडनी खराब करते ती वर्षानुवर्षे चढी राहिलेली साखर. ब्रिटनमध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाने चालवलेल्या आणि काही प्रमाणात सरकारी पैशावर झालेल्या अभ्यासात, १९९८ च्या निष्कर्षांनुसार, वजन जास्त असलेल्या ज्या रुग्णांना मेटफॉर्मिन दिले त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण ३६ टक्क्यांनी कमी दिसले. ही गोळी चहाच्या कपापेक्षाही स्वस्त मिळते, तेव्हा तिच्यावर गब्बर होणारी कंपनी शोधून दाखवावी. शिवाय तिचा उगम युरोपातील एका रानटी झुडपाच्या औषधी उपयोगात आहे, हे ‘वनस्पतीच बरी’ म्हणणाऱ्यांना बहुधा माहीत नसते. मेथीला माझा विरोध नाही. तिचे पाणी गोळीबरोबर पिता येते, गोळीऐवजी नाही.

इन्सुलिनची ‘सवय’ हा तर निव्वळ बेजबाबदारपणा आहे. टाइप १ मधुमेहात शरीर इन्सुलिन जवळजवळ तयारच करत नाही. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरोंटोच्या रुग्णालयात चौदा वर्षांच्या लेनर्ड थॉम्पसनला पहिले इंजेक्शन दिले तेव्हा त्याचे वजन तीस किलोसुद्धा नव्हते, कारण तोपर्यंत अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवून काही महिने जगवणे एवढाच उपाय होता. पहिला अर्क अशुद्ध निघाला, म्हणून बारा दिवसांनी शुद्ध केलेला अर्क दिला आणि मग त्याची साखर उतरली. त्या इन्सुलिनचे पेटंट शोधकांनी प्रत्येकी एक डॉलर घेऊन टोरोंटो विद्यापीठाला देऊन टाकले. आज टाइप १ असलेल्या मुलाचे इन्सुलिन हा संदेश वाचून कोणी बंद केले, तर त्याच्या रक्तात कीटोन, म्हणजे साखरेऐवजी चरबी जळू लागल्यावर तयार होणारी आम्ले, साठायला एखादा दिवसही पुरतो. उलट्या, पोटदुखी आणि धाप सुरू झाली की तासाभरात रुग्णालय गाठावे लागते, आणि तिथे पहिला उपाय शिरेतून सलाइन आणि तेच इन्सुलिन हा असतो.